‘खाडा’ म्हणजे गैरहजेरीच का?

सांजवात: मुंबईच्या कापडगिरण्यांवरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. ‘ॲब्सेंटीइझम’साठी मी सगळीकडे ‘खाडे’ लिहिलं. संपादकांनी सरसकट ‘गैरहजेरी’ केलं, वर शेरा मारला, ‘खाडा दूधवाल्याचा असतो.’ आमचे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले. त्यांच्या वहीत ‘शिमगा, खाडे ८’ असं स्वच्छ लिहिलंय. बरोबर कोण?

मुपो_लालबाग: आजोबा! खाडा म्हणजे नुसतं न येणं नव्हे, ज्याचा पगार कापला जातो तो दिवस. भरपगारी असेल तर ती रजा.

चिकित्सक: आमच्याकडे ‘शाळेचा खाडा’ सर्रास म्हणतात. तिथे कोणाचा पगार कापतात?

मुपो_लालबाग: शाळेला आम्ही दांडी मारायचो. तुम्ही खाडे केले असतील.

शुद्धमती: ‘गैर’ आणि ‘हजेरी’ दोन्ही परके. ‘अनुपस्थिती’ लिहा, वाद मिटेल.

मुपो_लालबाग: अनुपस्थित कामगार म्हटलं की माणूस समारंभाला आला नाही असं वाटतं.

बदलीवाला: माझे वडील सुरुवातीची सात वर्षं बदलीवर होते. पाळी सुरू होण्याआधी गेटवर उभं राहायचं, आज कोणाचा खाडा पडतोय ते बघत. पूर्वी जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, बोट दाखवेल तो आत. जॉबरची मनमानी आवरायला १९३५ साली गिरणीमालक संघाने बदलीची कार्डं काढली, पण सकाळी गेटवर जाणं काही सुटलं नाही. वडील लवकर परतले की आई ओळखायची. उशीर झाला तर संध्याकाळी विचारायची, “मिळाला का खाडा?” आता सांगा, गैरहजेरी कधी कोणाला ‘मिळते’ का? शिमग्याला, गणपतीला, भातलावणीला कोकणातले कायम कामगार गावी गेले की आमच्या घरी मटण शिजायचं. (गणपतीत नाही, अर्थात.)

सांजवात: हे ‘मिळणं’ आमच्याकडे कोणी बोललं नाही. आजोबा कायम होते म्हणून असेल.

रानवेडा: आमच्या गावात घरच्या शेतावर कोणी खाडा करत नाही. दुखलं-खुपलं तर माणूस घरी राहतो, एवढंच. खाडा पडायला आधी दिवस कोणाला तरी विकलेला असावा लागतो. मुंबईतली पहिली कापडगिरणी, ताडदेवची दावरांची, १८५६ ची, आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंच्या खटपटीने रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० पासून. मधली ३४ वर्षं थकलेल्या माणसाच्या विश्रांतीला खाड्याशिवाय दुसरा शब्द काय असणार?

चिकित्सक: सणांच्या सुट्ट्या होत्या की. आणि सालगड्याचेही खाडे धरतात, गिरणीचा संबंध नाही. मूळ शब्द ‘खड्डा’च असावा, हजेरीच्या ओळीत पडलेला. तसंच ‘त्रासन’ खातं. कापसाच्या धुळीचा त्रास, म्हणून त्रासन.

बदलीवाला: त्रास होता, पण शब्द तिथून नाही आला. सूत कातायच्या यंत्राला इंग्रजीत ‘थ्रॉसल’ म्हणत, त्याचं त्रासन. थ्रॉसल म्हणजे एक गाणारा पक्षी. वडिलांना त्या गाण्याने शेवटी ऐकू येईना.

शुद्धमती: मग ‘सूतकताई विभाग’ म्हणायला काय हरकत होती?

सांजवात: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. खाडा ठेवू की नको?

रानवेडा: त्याआधी ‘साचेवाला’ला टीप द्या, साचा म्हणजे कापड विणायचा माग अशी. मी इतका वेळ समजत होतो, तुमचे आजोबा गणपतीचे साचे करायचे.