प्रगत एआयचा धोका आकड्याने मोजता येतो का?

ऐरोलीकर (प्रश्न):
नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती एकामागून एक उभ्या राहताना पाहून हा प्रश्न विचारत आहे. नोकऱ्या किंवा बनावट चित्रफिती यांवर पुष्कळ बोलले जाते. मला विचारायचे आहे ते एआय शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०२३ मध्ये गूगल सोडल्यानंतर ज्याविषयी उघडपणे बोलायला सुरुवात केली, त्या धोक्याबद्दल, म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेर जाणाऱ्या यंत्रणांबद्दल. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार ज्या एआय मॉडेलच्या प्रशिक्षणात १ वर २५ शून्ये एवढ्या संख्येहून अधिक गणिती क्रिया झाल्या असतील, ते व्यापक जोखमीचे असल्याचे गृहीत धरले जाते. धोका असा मोजता येतो का? आणि बहुतेक बलाढ्य मॉडेल परदेशात घडत असताना आपल्या कायद्याने काय साधणार?

निवृत्त सुरक्षा अधिकारी, बेलापूर:
माझी नोकरी याच पट्ट्यातील रसायन कारखान्यांत गेली, म्हणून तिकडूनच उत्तर देतो. भोपाळनंतर, १९८९ मध्ये, घातक रसायनांचे नियम आले आणि त्यांत प्रत्येक रसायनापुढे साठ्याची मर्यादा लिहिलेली होती. त्या मर्यादेच्या थोडे खाली असलेले गोदाम निर्धोक असते, असे आमच्यापैकी कोणीही कधी मानले नाही. कोणाच्या दारात आधी जायचे, एवढेच तो आकडा ठरवत असे. खरे काम त्यानंतरचे: सुरक्षा अहवाल, कुंपणाच्या आतील आपत्कालीन आराखडा कारखान्याने करायचा, बाहेरील प्रशासनाने करायचा, आणि मॉक ड्रिल. (ड्रिलची तारीख आधी कळली की कामगार कसे शिस्तीत रांगेने बाहेर पडतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.) युरोपच्या कायद्यातही मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीवर मॉडेलची कसून चाचणी घेणे, गंभीर घटना कळवणे आणि सायबर सुरक्षा राखणे अशी बंधने आहेत. माझी शंका एवढीच, की चाचणी मुख्यतः कंपनीनेच घ्यायची आहे.

घणसोलीतील प्रोग्रामर:
ड्रिलचे उदाहरण नेमके लागू पडते, कारण आपली परीक्षा चालू आहे हे काही मॉडेल ओळखतात, असे संशोधकांना आढळले आहे, आणि मग त्या वर्तनावर किती विसंबायचे हा प्रश्न उरतो. शिवाय मोठ्या मॉडेलच्या उत्तरांवर छोटे मॉडेल शिकवले, तर कमी गणनशक्तीतही बरीच क्षमता उतरते. त्यामुळे आजचा आकडा लवकर जुना होईल.

वकील, ठाणे:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मॉडेल कुठे घडले याला फारसे महत्त्व नाही, ते कुठे विकले जाते याला आहे. युरोपचा कायदा तेथील बाजारात मॉडेल आणणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू होतो. आपल्याकडे १ मार्च २०२४ रोजी केंद्राने अपुरी चाचणी झालेल्या मॉडेलसाठी सरकारी परवानगी हवी, अशी सूचना काढली आणि दोनच आठवड्यांत परवानगीची अट मागे घेतली. नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तूर्त वेगळा कायदा नको, अशीच भूमिका आहे. मला ती घाईची वाटत नाही, पण अपुरी वाटते, कारण अपघात कळवण्याची सक्ती करायला संपूर्ण कायद्याची वाट पाहावी लागू नये. तपासणाऱ्याच्या स्वायत्ततेचा मुद्दा मात्र सर्वांत अवघड आहे. खाडीपलीकडे मुंबईच्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) अणुभट्ट्या आहेत. अणुऊर्जेवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळाला पुरेशी स्वायत्तता नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये नोंदवले होते, आणि ते मंडळ तर १९८३ पासूनचे.

ऐरोलीकर:
आभारी आहे. म्हणजे आकडा चुकीचा नाही, अपुरा आहे, असे समजतो. पण घटना कळवायच्या म्हटल्या, तर ‘घटना’ कशाला म्हणायचे? वायू गळला की वास येतो.

निवृत्त सुरक्षा अधिकारी, बेलापूर:
सगळ्याच वायूंना वास नसतो. आम्ही थोडक्यात टळलेले अपघातही नोंदवत असू, आणि त्या वहीतूनच सर्वाधिक शिकायला मिळे; चाचणीत मॉडेलने देखरेख चुकवण्याचा प्रयत्न केला, तर तो याच वहीत जायला हवा, मग नुकसान झालेले असो वा नसो.