शिंपला ‘आक्रमक’ कसा? इन्व्हेसिव्हला मराठीत काय म्हणावं

खाडीकाठ: ऐरोलीच्या खाडीकाठच्या फलकाचा मजकूर मराठीत आणतोय. ‘इन्व्हेसिव्ह स्पीशीज’ला (बाहेरून येऊन पसरणारी, उपद्रवी प्रजाती) ‘आक्रमक प्रजाती’ लिहिलं, तर तपासणाऱ्याने लाल रेघ मारली: शिंपला कुणावर चाल करून जातो? विषय मायटिलॉप्सिस सॅलेई हा शिंपला. दिसायला शिणाण्याचं पिल्लू, जेमतेम २-३ सेंटिमीटर. मूळचा मध्य अमेरिकेकडचा. विशाखापट्टणमला १९६७ मध्ये सापडला, पुढे मुंबईच्या गोदीतही. दुसरा शब्द?

शुद्धमती: ‘परकी’. सरळ आहे.

गोदीकर: परकं असणं वेगळं, उपद्रव वेगळा. काळ्या समुद्रात १९८०च्या दशकात नेमिऑप्सिस ही कंकत-जेली (जेलीसारखा पारदर्शक सागरी जीव) माजली. माशांचं खाद्य, अंडी, पिल्लं सगळं फस्त. १९९७ च्या सुमारास बेरोई ही दुसरी कंकत-जेली आली, तीही परकीच, पण तिने पहिलीला खाऊन आटोक्यात आणलं. दोघींना एकच शब्द?

खारजमीन: ‘माजली’ तुम्हीच म्हणालात! तण माजतं, रान माजतं. ‘माजोर प्रजाती’ घ्या.

शुद्धमती: माजावर म्हैस येते. फलक शाळेची पोरं वाचणार आहेत हो. ‘आगंतुक’ बरा.

गोदीकर: आगंतुक आपल्या पायांनी येतो. याला आपण आणतो, बॅलास्टच्या पाण्यातून (जहाज तोलात राहावं म्हणून टाक्यांत भरतात ते) नाहीतर जहाजाच्या बुडाला चिकटवून. ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसलेल्या दुरुस्तीच्या गोदीत, जहाज ज्या ठोकळ्यांवर बसतं, तिथे शिंपले चिकटू न देणारा रंग लागत नाही. पुढच्या खेपेला ठोकळे सरकवले नाहीत, तर नेमके तेच चौकोन शिंपल्यांनी भरतात. सी चेस्टच्या (बुडाजवळून पाणी आत घेणारा कप्पा) जाळीमागे तर ब्रशही धड पोचत नाही.

खाडीकाठ: बॅलास्टला काय लिहू?

शुद्धमती: ‘नीरम’. जुना नाविक शब्द. नीर म्हणजे पाणी, उघडच आहे.

खारजमीन: उघड कसलं? शिडाच्या गलबतात नीरम म्हणून दगड नाहीतर वाळू भरत. टाकीतलं पाणी पोलादी जहाजांबरोबर आलं. ही ओढूनताणून व्युत्पत्ती.

गोदीकर: त्या पाण्याची गोम वेगळीच. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, २०० मीटर खोल समुद्रात, बंदरातलं पाणी बदलायला टाकीच्या तिप्पट पाणी आरपार सोडलं तरी तळाचा गाळ हलत नाही. म्हणून २०१७ पासून लागू असलेल्या बॅलास्ट-पाण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात मोजणीही आहे: ५० मायक्रॉन (०.०५ मिलिमीटर) आणि त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला १० पेक्षा कमी. त्यासाठी गाळणी आणि अतिनील दिवे बसवतात. ठाणे खाडीसारखं गढूळ पाणी भरलं की गाळणी तुंबते आणि दिव्याचा प्रकाश आत शिरत नाही.

शुद्धमती: मग त्या गाळालाही नीरमच म्हणायचं?

खारजमीन: आधी ‘तो नीरम’ की ‘ते नीरम’, एवढं ठरवा.

खाडीकाठ: फलक सोमवारी छापायला जातोय. आणि पहिला शब्द?

शुद्धमती: ‘ते’.