मदत हवी आहे: सिंगापूरचा लवाद निवाडा, वसुली मुंबईत

सिंगापुरी_हिशेब:
सियाकच्या (सिंगापूरचं आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र) नियमांखाली सिंगापूरला चाललेल्या लवादाचा निवाडा मार्च 2024 मध्ये आमच्या कंपनीच्या बाजूने लागला. मूळ रक्कम 6,40,000 अमेरिकी डॉलर, वर व्याज. समोरच्या कंपनीचं बँक खातं फोर्टमध्ये, कारखाना चाकणला. तिने सिंगापूरच्या कोर्टात आव्हान दिलं नाही. आता म्हणते, भारतात लवाद कायद्याच्या (1996) कलम 34 खाली निवाडा रद्द करून घेऊ. अर्ज पुण्याला करायचा की मुंबईत? मुदत किती? निवाड्यावर मुद्रांक लागतो का?

दरखास्तवाला:
कलम 34 ची धमकी पोकळ आहे. ते भारतात बसलेल्या लवादासाठी. हा निवाडा रद्द करायचा अधिकार सिंगापूरच्या कोर्टाचा, आणि तिथली 3 महिन्यांची मुदत कधीच उलटली. इथे त्यांच्या हाती फक्त कलम 48 च्या हरकती. त्यातली नेहमीची म्हणजे 'नोटीस मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही'. म्हणून लवादाच्या काळातले सगळे ईमेल आणि कुरिअरच्या पोचपावत्या आत्ताच लावून ठेवा. निवाडा चूक की बरोबर हे कोर्ट पुन्हा तपासत नाही. विजय कारिया प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने असल्या हरकतींवर 50 लाखांचा खर्च बसवला होता.

पुणे जिल्हा न्यायालय नको. 2015 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निवाड्याच्या अंमलबजावणीच्या कलम 47 मधलं 'न्यायालय' म्हणजे उच्च न्यायालयच. पैशाच्या निवाड्यात मालमत्ता जिथे, तिथला अधिकार. फोर्टचं खातं अर्जात नीट दाखवा, नाहीतर पहिली हरकत अधिकारक्षेत्राचीच येईल.

मुदत 3 वर्षं, मुदत कायद्याचा अनुच्छेद 137 (वेदांता निकाल, 2020). 12 वर्षं देशी निवाड्याला. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. मुद्रांक लागत नाही (श्रीराम ईपीसी निकाल, 2018).

सिंगापुरी_हिशेब:
कागद कोणते? आणि आधी निवाड्याला कोर्टाची मंजुरी, मग वसुलीची वेगळी दरखास्त, असं आहे का?

दरखास्तवाला:
एकाच अर्जात दोन्ही मागा, फर्स्ट डे लॉसन निकालापासून (2001) तशी मुभा आहे. निवाड्याची मूळ किंवा सिंगापूरच्या कायद्याप्रमाणे अधिप्रमाणित प्रत, लवादाचा करार, आणि सिंगापूरचे निवाडे भारतात अंमलयोग्य ठरवणारी राजपत्रातली अधिसूचना. सोबतच कलम 9 खाली खातं गोठवायचा आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागणारा अर्ज टाका. हरकतींची सुनावणी चालते तोवर खात्यात खडखडाट झालेला असतो.

मूळ_शाखा:
दोन भर. तुमच्या कंपनीचा ठराव आणि मुखत्यारपत्र सिंगापूरला अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) करून घ्या; मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. निवाड्याला माफी असली तरी याला नाही, आणि लोक नेमके इथेच अडकतात.

डॉलरचा दर निवाड्याच्या तारखेचा धरू नका. डीएलएफ-कोंचार निकालानुसार (2024) हरकती फेटाळून निवाडा अंमलयोग्य होतो त्या दिवसाचा दर. मधे त्यांनी कोर्टात रक्कम भरली, तर तेवढ्यापुरता भरण्याच्या दिवसाचा.

दरखास्तवाला:
बरोबर. मंजुरीच्या हुकुमावर कलम 50 खाली अपील नाही, ते नामंजुरीवरच. त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती मागावी लागेल. मात्र दाखल करण्याआधी एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) संकेतस्थळावर त्या कंपनीचं नाव शोधा. दिवाळखोरीचा अर्ज न्यायाधिकरणाने स्वीकारून स्थगिती लागली असेल, तर दरखास्त जागच्या जागी थांबते आणि इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत दावा लावावा लागतो.