मदत हवी आहे : घानातील घरांचे राहणीमान मोजताना एकक कोणते धरावे?

नमस्कार. पदव्युत्तर वर्गाला विकासाचे अर्थशास्त्र शिकवण्याच्या निमित्ताने मी पश्चिम आफ्रिकेवर मराठीत एक विस्तृत टिपण तयार करत आहे. देशाची आर्थिक वाढ आणि घरातल्या माणसांचे प्रत्यक्ष राहणीमान यांचा मेळ कितपत बसतो, हे घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट या दोन देशांच्या आधारे दाखवावे, असा विचार आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा भाग लिहून झाला आहे. घरांच्या भागात मात्र मोजमापाच्या एका मूलभूत प्रश्नाशी गाडी अडली आहे. या विषयातील किंवा नमुना पाहण्यांच्या कामातील जाणकारांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन. अडचण नेमकी कुठे आहे हे कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे मिळतात, पण जपून वापरावे लागतात. घानाने नोव्हेंबर २०१० मध्ये गणनेचे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती व रचना धरून हिशेब होतो ते वर्ष) १९९३ वरून २००६ वर आणले आणि देशाची अर्थव्यवस्था कागदोपत्री सुमारे ६० टक्क्यांनी मोठी झाली. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये १९९० ऐवजी २०१० हे आधारवर्ष धरले, तेव्हा तेथील आकडा ८९ टक्क्यांनी वर गेला आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया खंडातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. दूरसंचार, चित्रपट आणि सेवाक्षेत्रातील जे व्यवहार जुन्या मोजणीत नीट येत नव्हते ते नव्या मोजणीत आले, एवढाच त्याचा अर्थ. घानाच्या अक्रा किंवा नायजेरियाच्या लागोस शहरातील कोणाच्याही ताटात त्यामुळे एक घास जास्त पडला नाही. म्हणून घरांची स्थिती पाहायची तर घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांकडेच वळावे लागते.

या बाबतीत घानाची परंपरा चांगली आहे. राहणीमानाची राष्ट्रीय पाहणी तेथे १९८७ पासून ठरावीक काळाने होत आली असून २०१६-१७ ची पाहणी सातवी होती. या पाहण्यांनुसार राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्या २००५-०६ मध्ये ३१.९ टक्के, २०१२-१३ मध्ये २४.२ टक्के आणि २०१६-१७ मध्ये २३.४ टक्के होती. (जुन्या लेखनात २००५-०६ साठी २८.५ टक्के हा आकडा दिसतो. तो जुन्या दारिद्र्यरेषेचा आहे. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घुसडलेले लेखही पाहण्यात आले आहेत.) डिसेंबर २०१० मध्ये समुद्रातील तेलाचे उत्पादन सुरू झाले, २०११ मध्ये वाढीचा दर १४ टक्क्यांवर गेला आणि तरीही २०१२-१३ नंतर गरिबी जवळजवळ जागच्या जागी राहिली. प्रादेशिक दरी तर याहून बोलकी आहे. २०१२-१३ ते २०१६-१७ या काळात राजधानीच्या ग्रेटर अक्रा प्रदेशात गरिबी ५.६ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आली, तर वायव्येकडील अप्पर वेस्ट प्रदेशात ती ७०.७ टक्क्यांवरून ७०.९ टक्क्यांवर गेली.

इथवर माझी काही तक्रार नाही. अडचण पुढे सुरू होते. हे सर्व आकडे घराचा एकूण उपभोग मोजून तो घरातील माणसांवर विभागण्याच्या पद्धतीने काढलेले आहेत. घरात येणारे धान्य आणि पैसा सर्वांच्या वाट्याला गरजेप्रमाणे जातो, हे त्यामागील गृहीतक. आपल्याकडील पाहण्यांतही एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, अशीच धारणा असते. परंतु दक्षिण घानातील पती-पत्नी आपापली मिळकत स्वतंत्र ठेवतात, असे तेथील अभ्यास वारंवार सांगतात. पती घरखर्चासाठी पत्नीच्या हातात ठरावीक रक्कम ठेवतो. तिला तेथे ‘चॉप मनी’ म्हणतात. ती अपुरी पडली तर उरलेली भर पत्नी आपल्या व्यापारातून घालते, आणि त्या व्यापाराचे भांडवल किती आहे हे पतीला ठाऊक असेलच असे नाही. बाजारातील विक्रेत्या स्त्रिया रोजची शिल्लक ‘सुसू’ गोळा करणाऱ्या माणसाकडे देतात. आपल्याकडच्या पिग्मी एजंटप्रमाणे तो रोज ठेल्यापाशी येतो, कार्डावर खूण करतो, महिनाअखेरीस साठलेली रक्कम परत देतो आणि एका दिवसाचा भरणा आपला मोबदला म्हणून ठेवून घेतो. आता ही बचत घराची धरायची की त्या स्त्रीची?

घानातील असांते समाजात तर प्रश्न आणखी गुंततो. तेथे वारसा आईच्या बाजूने चालतो आणि विवाहानंतरही अनेक स्त्रिया आपल्या मातृकुळाच्या घरीच राहतात. १९४० च्या दशकात तेथे पाहणी करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे की, दिवस मावळताना मुले आईने शिजवलेल्या जेवणाची भांडी डोक्यावर घेऊन वडिलांच्या घराकडे जाताना दिसत. म्हणजे चूल एका घरात आणि जेवणारा दुसऱ्या घरात. पाहणी करणाऱ्याने या पतीला कोणत्या घरात मोजावे?

हा केवळ व्याख्येचा काथ्याकूट नाही, याचा सज्जड पुरावा घानाच्या शेजारच्या बुर्किना फासो या देशातून मिळतो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोला जिल्ह्यातील कांझरा इत्यादी गावांत घरोघरची जी दीर्घकालीन पाहणी केली ती आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. त्याच संस्थेने १९८१ ते १९८५ या काळात बुर्किना फासोमधील सहा गावांत तशीच माहिती गोळा केली, आणि तेथे पती व पत्नी वेगवेगळे वावर कसत असल्यामुळे ती वावरनिहाय नोंदली गेली. या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर उद्री यांनी १९९६ मध्ये दाखवले की, एकाच घरात, एकाच वर्षी आणि एकाच पिकासाठी स्त्रियांच्या वावरातील उतारा पुरुषांच्या वावरापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. जमीन निकस होती म्हणून नव्हे. खत आणि घरातील मजूरबळ पुरुषांच्या वावराकडे वळत होते म्हणून. तेच खत आणि तीच मेहनत घरातल्या घरात नीट वाटली गेली असती, तर सुमारे सहा टक्के उत्पादन वाढले असते असा त्यांचा अंदाज आहे. घर हे एकमताने निर्णय घेणारे एकक असते, तर हे नुकसान कोणी होऊ दिले असते?

आयव्हरी कोस्टमधील १९८५ ते १९८८ च्या पाहण्यांवर अर्थशास्त्रज्ञ एस्तेर द्युफ्लो आणि उद्री यांनी केलेला अभ्यासही याच दिशेने जातो. तेथे यामचा कंद पुरुष पिकवतात, पण त्याचे उत्पन्न कुटुंबाच्या पोटापाण्यासाठीच वापरावे असा संकेत आहे. ज्या वर्षी पाऊस यामला मानवला, त्या वर्षी अन्न आणि शिक्षण यांवरील खर्च वाढला. जेव्हा पुरुषांच्या नगदी पिकांना मानवला, तेव्हा दारू-तंबाखूसारखा वैयक्तिक खर्च वाढला. घराचे एकूण उत्पन्न तेवढेच वाढले तरी पैसा कोणत्या हातात आणि कोणत्या पिकातून आला यावर मुलांच्या ताटात काय पडणार हे ठरते. दरडोई सरासरीत यातले काहीच उमटत नाही.

आता माझे प्रश्न मांडतो. घानाची राष्ट्रीय पाहणी उपभोग ‘प्रौढ-समतुल्य’ व्यक्तींवर विभागते, म्हणजे लहान मुलाला प्रौढाचा अंश धरते. आयव्हरी कोस्टसह सीएफए फ्रँक वापरणाऱ्या आठ देशांच्या संघात २०१८-१९ पासून जी एकसारखी पाहणी सुरू झाली, ती सरळ डोक्यांवर विभागते. अशा स्थितीत दोन देशांचे प्रसिद्ध आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवणे कितपत योग्य आहे? आणि त्याहून महत्त्वाचे : घराच्या आतील वाटप प्रत्यक्ष मोजलेली, निदान पती-पत्नींचे खर्च वेगळे नोंदवलेली, अशी एखादी देशव्यापी पाहणी पश्चिम आफ्रिकेत झाली आहे का? शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये घानातील महागाईचा दर ५४.१ टक्क्यांवर गेला होता. त्या काळातील घरखर्चाची जुन्या पाहण्यांशी तुलना करताना किमतींचा एकच राष्ट्रीय निर्देशांक वापरावा काय?

प्रतिसाद १

आपण प्रश्न नेमका मांडला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर : प्रसिद्ध टक्केवाऱ्या शेजारी ठेवू नका. दोन्ही देशांच्या दारिद्र्यरेषा आपापल्या आहेत, विभागणी वेगळी आहे आणि खर्च विचारण्याची पद्धतही वेगळी आहे. आठ देशांच्या पाहणीत अन्नाचा खर्च मागील सात दिवसांच्या आठवणीवरून विचारला जातो. विचारण्याचा कालावधी आणि भेटींची संख्या बदलली की त्याच घराचा उपभोग कमी-जास्त दिसतो, हे पाहणीचे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मूळ घरनिहाय माहिती मिळवून घानाचा उपभोगही डोक्यांवर विभागून पाहिलात, तर निदान एक फरक दूर होईल. मात्र परिणामाची दिशा लक्षात असू द्या. उत्तर घानात घरे मोठी आणि मुले जास्त असतात, त्यामुळे प्रौढ-समतुल्य पद्धतीत ती तुलनेने कमी गरीब दिसतात. डोक्यांवर विभागणी केल्यास उत्तर-दक्षिण दरी आणखी रुंदावेल.

महागाईबाबत थोडक्यात सांगतो. गरीब घरांच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा असल्याने, अन्नाच्या किमती इतरांपेक्षा वेगाने वाढलेल्या काळात सर्वसाधारण निर्देशांक त्यांची झळ कमी दाखवतो. प्रदेशनिहाय निर्देशांक घ्या आणि अन्न व अन्नेतर खर्चातून महागाईचा परिणाम वेगवेगळा काढून टाका. सीएफए फ्रँक युरोशी ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे, घानाचे चलन सेदी तसे नाही. विनिमय दराने रूपांतर करून तुलना करण्याचा मोह कटाक्षाने टाळा.

प्रतिसाद २

आपल्याला हवी असलेली पाहणी सेनेगलमध्ये झाली आहे. २००६-०७ मध्ये सुमारे १,८०० घरांत ‘गरिबी आणि कुटुंबरचना’ या विषयावर जी पाहणी झाली तिच्यात प्रत्येक घराचे लहान गट पाडले गेले. कुटुंबप्रमुख आणि त्याच्यावर थेट अवलंबून असलेली माणसे हा एक गट, प्रत्येक पत्नी आणि तिची मुले हा वेगळा गट, विवाहित मुलाचे बिऱ्हाड हा आणखी वेगळा. बहुपत्नीक घरांचे प्रमाण तेथे बरेच असल्याने ही रचना अपरिहार्यच होती. सामायिक जेवणाचा खर्च आणि तो जेवणारे कोण, हे एकदा विचारले. कपडे, वाहतूक, शिक्षण, फोन यांसारखा प्रत्येक गटाचा स्वतःचा खर्च त्या त्या गटाला विचारला. त्यावरून निघालेला निष्कर्ष असा की, देशातील एकूण विषमतेपैकी सुमारे १४ टक्के विषमता घरांच्या आत आहे, आणि गरीब व्यक्तींपैकी साधारण आठांत एक व्यक्ती अशा घरात राहते जे घर म्हणून गरीब ठरत नाही.

बुर्किना फासोविषयी एक पुस्ती जोडतो. तेथील नंतरच्या एका अभ्यासात कुटुंबप्रमुखाच्या वावरातील उतारा स्त्रियांच्याच नव्हे, तर घरातील इतर पुरुषांच्या वावरापेक्षाही जास्त आढळला. म्हणजे धाकटा भाऊ किंवा मुलगाही स्त्रियांच्याच रांगेत येतो. प्रमुखाच्या वावरातील धान्य सर्वांच्या जेवणासाठी असते, हे त्याचे एक कारण दिले जाते. आपल्या टिपणात हा भेद केवळ स्त्री-पुरुष असा मांडला गेला तर तो अपुरा ठरेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सेनेगलच्या पाहणीमुळे टिपणाची दिशाच बदलते. घाना आणि आयव्हरी कोस्टची शेजारी मांडलेली टक्केवारी आता काढून टाकतो आणि सेनेगलसाठी स्वतंत्र प्रकरण करतो. कुटुंबप्रमुखाच्या वावराचा मुद्दा कोकोच्या संदर्भातही तपासून पाहावासा वाटतो. घानात कोकोची खरेदी किंमत सरकारी मंडळ हंगामाच्या सुरुवातीला ठरवते आणि विक्रीची नोंद ज्याच्या नावे पासबुक आहे त्याच्या खाती होते. त्या बागेत वर्षानुवर्षे राबलेल्या पत्नीचा हक्क १९८५ च्या वारसा कायद्याने पतीच्या मृत्यूनंतर तरी मान्य केला, पण तो हयात असतानाच्या वाटपाविषयी पाहणी फारसे काही सांगत नाही.

एक शेवटची विनंती. सेनेगलच्या पाहणीची मूळ प्रश्नावली फ्रेंचमध्ये आहे आणि माझे फ्रेंच जेमतेम आहे. सामायिक जेवणाचा भाग आणि प्रत्येक गटाच्या खर्चाचा भाग, एवढे दोनच विभाग एखाद्या फ्रेंच जाणणाऱ्या सदस्याने माझ्यासोबत बसून समजावून दिले तर काम पुढे सरकेल. पुणे परिसरात प्रत्यक्ष भेटता येईल, अन्यथा रविवारी सकाळी फोनवर बोलू. कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा.