शाळेतला व्यायाम: औंधची सक्ती आज परत आणावी का?

वाईकर: दहावीचं वर्ष आलं की पी.टी.चा तास गणिताला जातो, आणि साताऱ्यात ते कुणाला खटकतही नाही. याच जिल्ह्यातल्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले. ते स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. आपल्याकडच्या शालेय व्यायामाचे ते मोठे प्रवर्तक. ती सक्ती परत आणा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठ, सांगली: राजेसाहेबांबद्दल आदर आहे, पण हुकूम म्हणजे शिक्षण नव्हे. जर्मनीत फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने 1811 मध्ये बर्लिनच्या हासेनहाइडे मैदानावर तरुणांना जिम्नॅस्टिक्स शिकवायला सुरुवात केली. पुढे सरकारला त्यात राजकारण दिसलं आणि बंदी आली. हा व्यायाम शाळेच्या वेळापत्रकात रुजवला तो आडोल्फ श्पीस या शिक्षकाने. वयाप्रमाणे पायऱ्या, मुलींचाही विचार, साधनांशिवाय अख्ख्या वर्गाला एकदम करता येतील अशा हालचाली. आज एवढं, उद्या त्याच्या पुढचं, असं शिकवावं लागतं. पहिलीपासून दहावीपर्यंत एकच क्रम घोकून काय होणार?

माणदेशी: श्पीस यांच्या पद्धतीवरही पुढे निव्वळ कवायत म्हणून टीका झालीच की! आणि आमची आटपाडी औंध संस्थानातच होती. दुष्काळी मुलूख, तिथल्या शाळेने डबलबार आणि मॅट कुठून आणायचे? नमस्काराला अंगापुरती जागा पुरते. बायकांनीही नमस्कार घालावेत, हा राजेसाहेबांचा आग्रह त्या काळात लहान नव्हता.

कृष्णाकाठ, सांगली: जागेचं आणि बायकांचं मान्य. सक्तीचं नाही. मंत्र म्हणायला ज्या घरची मुलं कचरतात, त्यांना रांगेबाहेर उभं करणार का?

पी.टी.च्या बाई, कराड: मी मंत्राशिवाय घेते, कुणी रांगेबाहेर राहत नाही. पण वाईकर, नुसत्या नमस्कारावर थांबायला माझा विरोध आहे. कोलांटी उडी घेताना हात कुठे टेकायचे, हनुवटी छातीला कशी लावायची, हे शेजारी बसून शिकवावं लागतं. नाहीतर मानेला इजा होते. मॅट एकच, मुलं पन्नास. एक कोलांटी घेतं तोवर बाकीच्यांचे नमस्कार चालू. उलटं व्हायला घाबरणारी मुलगी पहिल्यांदा सरळ उभी राहते, तेव्हा तिचा चेहरा बघा.

वाईकर: बाई, तुमचं पटलं. मंत्राची सक्ती मीही मागत नाही. पण तास सक्तीचाच हवा. तो ऐच्छिक केला की सगळ्यात आधी मुलीच घरी बसवल्या जातील.