मान धरली, पालथी पडली, बसली… पण रांगत का नाही? तुमचे अनुभव सांगा

लेक दहा महिन्यांची झाली. बसते मस्त, टाळ्या वाजवते, पुढ्यातला एकेक चुरमुरा चिमटीत धरून तोंडात टाकते, पण रांगायचं नाव नाही. पोटावर ठेवलं की भोकाड. त्यात नणंदेचा मुलगा हिच्याच वयाचा आणि तो सोफा धरून उभा राहतो, त्याचे व्हिडिओ रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर येतात. तेल लावायला येणाऱ्या मावशी म्हणतात कमरेत जोर नाहीये, सासूबाई म्हणतात दिवसभर डायपर घालून ठेवल्यावर काय होणार, आई म्हणते तू पण उशिराच चाललीस. डॉक्टरांनी लस देता देता बघितलं आणि ठीक आहे म्हणाले, संपलं.

तर ज्यांची मुलं मागे होती त्यांनी लिहा प्लीज. नुसतंच उशिरा होतं की खरंच काही निघालं, आणि निघालं तर तुम्हाला आधी कशावरून वाटलं? गोड शेवटच पाहिजे असं अजिबात नाही.

खमंग_काकडी
आमचं ध्यान रांगलंच नाही! बसल्या बसल्या बुडावर सरकत हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून गॅलरीत, सगळ्या चड्ड्या मागून झिजलेल्या. मी रडकुंडीला आले होते, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की घरात अजून कुणी असं सरकायचं का, आणि सासूबाई शेजारूनच म्हणाल्या, हो की, ह्याचा बाप! अशी मुलं चालतात पण जरा उशिरा म्हणे. आमचा दीड वर्षाच्या आसपास चालला. आता कॉलनीत फुटबॉल घेऊन फिरतो आणि काचा फोडतो.

डोंगरवाट
बाबा लोकांतर्फे थोडे आकडे. डब्ल्यूएचओनं २००६ मध्ये भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांवरून तक्ते काढले, आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. त्यात आधाराशिवाय बसण्याची मुदत ३.८ ते ९.२ महिने, रांगण्याची ५.२ ते १३.५ आणि स्वतंत्र चालण्याची ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे आठव्या महिन्यात चालणारं पण नॉर्मल आणि सतराव्यात चालणारं पण नॉर्मल. आणि त्यातली ४.३ टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथली सरकारी आरोग्य संस्था) तर बाळ कधी काय करतं त्याच्या २०२२ च्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं, ते मात्र मला पटलं नाही, तिथल्या बऱ्याच थेरपिस्टनाही पटलेलं नाही. ग्रुप म्यूट करा, हा माझा खरा सल्ला.

वाईची_आजी
अगं पोरी, त्या मावशींना म्हणावं पाय ओढू नका नि उलटं टांगू नका. तेल हलक्या हातानं लावावं, बास. आमच्याकडं पालथं पडायला लागलं की गोधडी टाकून खाली सोडायचं, पाळण्यात ठेवायचंच नाही दिवसा. घरात माणसं होती, जागा होती, तुम्हाला दोन खोल्यांत ते कसं जमणार म्हणा. आणि धरून उभं राहायला लागलं की पांगुळगाडा. तो लाकडी, पोर त्याच्या मागं उभं राहून ढकलतं तो. हल्लीचं ते गोल प्लास्टिकचं, ज्यात पोराला मधे बसवतात, ते नव्हे.

बर्फातली_मराठी
आजींना मम! ते गोल वॉकर इथे कॅनडात २००४ पासून बंद आहेत, विकायचे पण नाहीत आणि आणायचे पण नाहीत. जिन्यावरून मुलं पडून डोक्याला लागायचं म्हणून. शिवाय त्यात बाळ नुसतं चवड्यांवर पाय मारतं, तोल सांभाळायला शिकतच नाही, त्यामुळे लवकर चालत बिलत नाही. सासरहून हौसेनं आणत होते, नको म्हटलं तर रुसवे.

जुळ्यांची_धावपळ
आमचे दोघं बत्तिसाव्या आठवड्यात झाले, एनआयसीयूमधून (नवजात बाळांच्या आयसीयूतून) घरी आलो तेव्हा उशीएवढे होते. बारशाला आलेली मंडळी अजून मान नाही धरली का विचारायची आणि मी प्रत्येकाला तेच तेच समजावत बसायचे, की चाळीस आठवडे धरून हिशोब करायचा, म्हणजे वयातून दोन महिने वजा. हे आम्हाला दोन वर्षांपर्यंत करायला सांगितलेलं. तसं मोजलं की सगळं वेळेत होतं. तरी एक आठव्यात बसला आणि दुसरी दहाव्यात, हे पण वजा करूनच. एकाच पोटातली, एकाच घरात वाढणारी, तरी असं! तेव्हापासून नणंदेच्या मुलाशी वगैरे तुलना मला हास्यास्पद वाटते.

नुसतीच_वाचक
गोड शेवट नको म्हणालात म्हणून लिहितेय. मुलगा पाचव्या-सहाव्या महिन्यात खुळखुळा फक्त उजव्या हातानं घ्यायचा. डावीकडे धरला तरी उजवा हात आडवा आणून घ्यायचा. घरात सगळे खूश, आमचा अगदी पक्का उजवखोरा म्हणून. डाव्या हाताची मूठ मात्र बऱ्याचदा मिटलेली, अंगठा आत. पालथा पडायचा तो पण एकाच बाजूनं. माझ्या मनात काहीतरी खटकत होतं पण नाव देता येत नव्हतं, मग एका मैत्रिणीनं, ती शाळेत शिकवते, सहज म्हटलं की एवढ्या लहान बाळाला डावं-उजवं नसतं गं. दीड वर्षाच्या आत एकच हात वापरला तर दुसऱ्या हातात काय अडचण आहे ते बघायचं असतं, हे आम्हाला नंतर न्यूरॉलॉजिस्टनं सांगितलं. एमआरआय झाला. जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूला इजा झालेली, त्यामुळे हेमिप्लेजिया, म्हणजे शरीराची एक बाजू कमजोर.

थेरपी लगेच सुरू झाली. चांगल्या हाताला ठरावीक वेळ मोजा घालून ठेवायचा म्हणजे डावा वापरावाच लागतो, तो चिडायचा, मी आत जाऊन रडायचे, नवरा दाराबाहेरून घड्याळ बघायचा. पण मूठ उघडली. आता तीन वर्षांचा आहे, चालतो, पळतो, डाव्या पायात स्प्लिंट आहे, शर्टाची बटणं जमत नाहीत. आधी वाटायचं सगळं नॉर्मल होऊ दे, आता वाटतं डाव्या हातानं ताट धरू दे म्हणजे उजव्यानं जेवेल. खर्चाचं विचाराल तर आधी खाजगीत गेलो, मग कळलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून लहान मुलांसाठी डीईआयसी, म्हणजे अशा अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, असतं आणि थेरपी मोफत असते. अंगणवाडी किंवा आशाताईंना विचारा, त्या चिठ्ठी देतात.

बाबा_ऑन_ड्युटी
वरच्या ताईंना सलाम. आमच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, स्नायू मऊ, उचललं की हातातून निसटेल असं वाटायचं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की चालायला दोन वर्षं सहज लागतील, कदाचित जास्त, त्यामुळे खरं सांगू का, आम्हाला बाकीच्यांसारखं टेन्शनच नव्हतं. तारीखच नव्हती ना. बसली तेव्हा अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. वॉचमन म्हणाला साहेब बढती का?

हात_पाय_हलवा
मी लहान मुलांची फिजिओ आहे. धागाकर्तीच्या बाळाला न बघता काही बोलणार नाही, पण चुरमुरा चिमटीत धरतेय हे ऐकून बरं वाटलं. आम्ही महिना किती यापेक्षा गाडी पुढे जातेय का ते बघतो, दोन्ही बाजू सारख्या हलतात का, अंग फार ताठ किंवा फार लुळं आहे का. चार महिने उलटले तरी मान डळमळते, नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही, तर दाखवा, आणि येत असलेलं काही बंद झालं तर त्याच आठवड्यात दाखवा. थांबून बघू म्हणणारे नातेवाईक खूप भेटतात, तपासून घेतल्यामुळे नुकसान झालेलं मूल मी अजून बघितलं नाही. पोटावर ठेवायचं ते जागेपणी, आपल्यासमोर, सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच, स्वतःच्या छातीवर घेतलं तरी चालतं. झोपवायचं मात्र पाठीवरच. आणि दुपट्यात पाय सरळ करून आवळून बांधू नका हो, खुब्याच्या सांध्याला वाईट.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, नुसतीच_वाचक तुमचं नवऱ्याला वाचून दाखवलं. आम्ही काल खाली गादी टाकून दोन्ही हात नीट बघितले, दोन्हीकडून घेते. तरी गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय, यावेळी लस नाही, फक्त हेच विचारायला. आजी, तो पांगुळगाडा कुठे मिळेल हो?

वाईची_आजी
सावंतवाडीकडं लाकडी खेळणी करतात तिथं कुणी जाणारं असेल तर विचार, नाहीतर सुताराकडून करून घे. पण आत्ता नको, ती स्वतःहून धरून उभी राहिली की मग. आणि तुमच्या गुळगुळीत फरशीवर गाडा पळतो, खाली थोडं वजन बांधायला सांग.