चर्चा: १९१० ची 'कूपन' कार्डं टी-२०६ मध्येच धरायला हवीत

ऋतुजा_ठा

जुन्या अमेरिकन सिगारेट-कार्डांचा नाद असलेले इथे मोजकेच आहोत, तरी या प्रश्नावर आपल्यात दोन तट आहेतच. म्हणून वेगळा धागा.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी: १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची छोटी रंगीत कार्डं घातली. पुढे खेळाडू, पाठीवर ब्रँडची जाहिरात: पीडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल, सॉव्हरिन, पोलर बेअर वगैरे. संग्राहक यात सोळा ब्रँड आणि ५२४ चित्रं धरतात आणि सगळ्याला मिळून 'टी-२०६' म्हणतात. होनस वॅगनरचं कार्ड यातलंच. त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेली. मात्र 'टी-२०६' असं कुठल्याच कार्डावर छापलेलं नाही. हा क्रमांक सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक या संग्राहकाने आपल्या कार्डांच्या सूचीत दिला. 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, 'एन' म्हणजे एकोणिसाव्या शतकातली.

आता कूपन, हाही एक सिगारेटचा ब्रँड. १९१० चा पहिला कूपन सेट ६८ कार्डांचा आहे. चित्रं तीच, पांढरी कड तीच, खालचं नाव त्याच तपकिरी शाईत. तरी बर्डिकने तो टी-२१३ मध्ये टाकला, कारण कूपनने १९१४ नंतर आणि १९१९ मध्येही कार्डं काढली आणि त्याने तिन्ही एकाच ब्रँडखाली बांधली. म्हणजे नऊ वर्षांनंतरचं कार्ड याचं भावंड ठरलं, आणि त्याच वर्षीचं ओल्ड मिलचं कार्ड परकं. हे मला पटत नाही. कार्ड कुणी, कधी, कोणत्या चित्रावरून छापलं, यावर ते कुठे बसतं हे ठरायला हवं.

जुना_अल्बम

ऋतुजाताई, पूर्ण असहमत. बर्डिकचा क्रमांक हा पत्ता आहे, तो वंशावळ सांगत नाही. कित्येक दशकं लिलावांच्या याद्या, पत्रव्यवहार, संग्रहाच्या वह्या सगळं या क्रमांकांवर चालत आलंय. आज कूपन हलवलं तर पन्नास वर्षांपूर्वीच्या यादीत 'टी-२१३' दिसल्यावर काय समजायचं?

आणि त्या माणसाने हे काम कसं केलं तेही लक्षात घ्या. संधिवाताने हात वाकडे झालेले, तरी तीन लाखांवर कार्डं आणि छापील कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन स्वतः तिथे बसून अल्बममध्ये चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये तो गेला. ही मांडणी बदलायची तर कारण फार मोठं हवं.

कोपरे_जपा

कागदाबद्दल कुणीच बोललं नाही! पहिल्या कूपनचा कागद टी-२०६ पेक्षा बराच पातळ आहे, हातात घेतल्याबरोबर कळतं. चित्र तेच असलं तरी छपाईचं काम वेगळं निघालं, असाच याचा अर्थ. माझ्या मते एवढं कारण वेगळा क्रमांक द्यायला पुरेसं आहे.

ऋतुजा_ठा

@कोपरे_जपा, मग अमेरिकन ब्यूटीचं काय? त्याची कार्डं बाकीच्यांपेक्षा अरुंद आहेत. पोलर बेअर तर सिगारेटचा ब्रँडच नव्हता, चघळायच्या तंबाखूचा होता. त्यांना कुणी बाहेर काढलं नाही.

कोपरे_जपा

अमेरिकन ब्यूटीचा कागद तोच आहे, पाकिटात बसावीत म्हणून फक्त अरुंद कापलीत. कापणं वेगळं आणि कागद वेगळा निवडणं वेगळं. पोलर बेअरचा मुद्दा मात्र मान्य.

ऋतुजा_ठा

कागदाचा फरक मी नाकारत नाही. पण तोलून बघा. दुसऱ्या कूपनमध्ये नावं निळ्या शाईत आहेत, खेळाडूंचे संघ बदललेत, फेडरल लीग या वेगळ्या बेसबॉल लीगचे संघ आलेत. १९११ मध्ये सुप्रीम कोर्टाने अमेरिकन टोबॅकोचा ट्रस्ट, म्हणजे मक्तेदारी, मोडला, त्यानंतरची ती कार्डं. पहिल्या आणि दुसऱ्या कूपनमध्ये समान काय उरलं? जुनी चित्रं आणि ब्रँडचं नाव. आणि ब्रँडच निर्णायक असेल, तर टी-२०६ चेच सोळा क्रमांक व्हायला हवेत. बर्डिकने तिथे ब्रँड बाजूला ठेवला आणि कूपनला मात्र ब्रँडवर तोललं.

जुना_अल्बम

तुम्ही म्हणता तो निकष लावला तर तुम्ही कूपनवर थांबणार नाही. रेड क्रॉस (टी-२१५), व्हिक्टरी (टी-२१४), सगळीकडे हीच चित्रं आहेत. शिवाय उलटा प्रश्न: टाय कॉबचं नाव पाठीवर असलेलं ते दुर्मीळ कार्ड सोळावा ब्रँड म्हणून धरतात. पुढे कॉब, मागेही कॉबच्याच नावाची तंबाखू, इतर एकही खेळाडू नाही, पुढची बाजू चकचकीत. ते मग बाहेर काढणार का?

पाठ_आधी

तुम्ही सगळे पुढची बाजू बघून भांडताय. १९१० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावात ज्याने ओल्ड मिलचं पाकीट घेतलं, त्याच्यासाठी ती 'ओल्ड मिलची कार्डं' होती. दक्षिणेतल्या छोट्या लीगचे ४८ खेळाडू टी-२०६ मध्ये आहेत, आणि ते ओल्ड मिल, पीडमाँट, हिंदू अशा ठरावीक ब्रँडच्या पाठींवरच सापडतात. म्हणजे वाटप प्रदेश बघून होत होतं. मी ब्रँड आणि पाठीवरचा फॅक्टरी क्रमांक बघून लावते. त्यात कूपन आपोआप ओल्ड मिलच्या शेजारी येतं, आणि टी-२०६ की टी-२१३ हा वाद मला पडतच नाही.

ऋतुजा_ठा

@जुना_अल्बम, होय, कॉब-पाठीचं कार्ड मी बाहेर काढेन. एकाच खेळाडूचं, वेगळ्या चकाकीचं कार्ड सेटचा भाग कसं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. रेड क्रॉस आणि व्हिक्टरी नंतरच्या वर्षांतले आहेत, म्हणून ते जिथे आहेत तिथेच राहावेत. माझा निकष काळ आणि छपाई हाच आहे, आणि तो माझ्या आवडत्या कार्डांविरुद्ध गेला तरी चालेल.

@पाठ_आधी, तुमच्या पद्धतीने लावलेल्या पानांचे फोटो टाका ना. ओल्ड मिल आणि कूपनमधले तेच दक्षिणी खेळाडू शेजारी ठेवलेत, तर शाईची छटा ताडून बघता येईल.